कुठला ओरिएंते?

लांजेवार काकूंना डावं-उजवं मान्य नव्हतं. चँडलरच्या त्यांच्या घरी जेवायला बसलेल्या पाहुण्याने मीठ मागितलं, तर काकू म्हणायच्या, "तुझ्या पश्चिमेला आहे." पाहुणा आधी समोर बघायचा, मग खिडकीकडे, मग काकांकडे. "काकू, मीठ हवंय, सूर्यास्त नको," असं एकदा कोणीतरी म्हणालं. काकू हसल्या नाहीत. मीठही उचलून दिलं नाही. शेवटी लांजेवार काकांनी ताटावरची नजर न काढता एका बोटाने मिठाची वाटी सरकवली. काका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते आणि घरात सहसा बोलत नसत. इतक्या वर्षांच्या संसारात घराचा नकाशा त्यांना पाठ झाला होता.

"डावं-उजवं माणूस वळला की बदलतं," काकूंचं म्हणणं असे. "माणसाबरोबर फिरणाऱ्या गोष्टीवर काय भरोसा ठेवायचा?"

मी २००२ साली अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या चँडलरला गेलो. नोकरी बायकोला होती, माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. त्याआधी पुण्यात एका दैनिकात मी उपसंपादक होतो. माझ्याबद्दल इतकं पुरे. काकूंना मी माहीत झालो तो 'पेपरवाला' म्हणून, आणि शेवटपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. दुपारी मी रिकामा असे आणि काकूंना गाडी चालवताना ऐकणारा लागे. त्यांच्या डॅशबोर्डवर, जिथे इतरांचा गणपती असतो तिथे, होकायंत्र चिकटवलेलं होतं. चँडलरचे रस्ते चौकटीच्या वहीसारखे सरळ आहेत, तिथे होकायंत्राची गरज नव्हती. काकूंना ते दिशा शोधायला नको होतं. ते बरोबर आहे हे तपासायला हवं होतं.

त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, साकोलीच्या बाजूच्या. लग्नाआधी आणि लग्नानंतर काही वर्षं शाळेत भूगोल शिकवत. अमेरिकेत आल्यावर त्यांना एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. मुलांचे ट्रे भरायचे, टेबलं पुसायची. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रारी त्यांच्याकडे दुसऱ्या पुष्कळ होत्या. काकू रोज कशावर तरी रागावत, आणि कशावर ते त्यांना नेमकं सांगता येई. चिडचिड करणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. रागाचा पत्ता सांगू शकणारी थोडी.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतला एक प्रसंग मी स्वतः पाहिला. फार पूर्वी पुण्याहून आलेले, आता निवृत्त झालेले एक डॉक्टर प्रसादाच्या रांगेत काकूंच्या पुढे होते. काकूंनी स्वयंसेवकाकडे पाणी मागितलं. त्या 'पानी' म्हणाल्या. झाडीपट्टीत, म्हणजे त्यांच्या भागात, ते तसंच म्हणतात.

डॉक्टर वळून हसले. "पानी! वा. तुम्ही विदर्भातल्या का? नागपूर?"

"भंडारा."

"म्हणजे नागपूरच्या पुढे."

"पुढे कोणाच्या?"

"अहो, म्हणजे नागपूरच्याही पलीकडे, पूर्वेला."

"माझ्या घराच्या ओट्यावरून नागपूर मागे आहे," काकू म्हणाल्या. "आणि पुणं तर दिसतच नाही."

डॉक्टरांनी ते खेळीमेळीने घेतलं. "काकू, रागावू नका हो, गंमत केली."

"काहून? गंमत माझीच काहून?" काकूंचा आवाज चढला की भाषा पूर्वेला सरकायची. "पानीत तो ण घातला तर तहान जास्त भागते का तुमची?"

रांगेतली सगळी हसली. डॉक्टरही हसले. काकू प्रसाद न घेता बाहेर पडल्या आणि गाडीत बसल्यावर मला जे म्हणाल्या ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं, जुनी सवय म्हणून. "पूर्व हे गाव नाही रे पेपरवाल्या. राजधानीत उभं राहून कोणीतरी केलेलं बोट आहे ते. ज्याच्याकडे बोट केलं, त्याला विचारत नाही कोणी, बाबा, तू कुठला."

हे त्यांनी भूगोलाच्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. एल्विराकडून घेतलं होतं. एल्विरा त्यांच्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, बुटकी, रुंद, मोठ्याने बोलणारी बाई. काकूंना स्पॅनिश तिनेच शिकवलं, भांडी घासता घासता. पहिल्या आठवड्यात एल्विराने आपली ओळख करून दिली होती, "सोय दे ओरिएंते." मी ओरिएंतेची. काकूंना वाटलं, ही आपल्यासारखीच, आशियातली. त्यांनी आनंदाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मीपण! मीपण ओरिएंटची!"

एल्विराने त्यांना वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "क्वाल ओरिएंते?" कुठला ओरिएंते? "सकापा की चिकिमुला?"

हे दोन्ही एल्विराच्या ग्वातेमालाच्या पूर्वेकडचे भाग. ओरिएंते म्हणजे स्पॅनिशमध्ये पूर्व, आणि जो तो देश आपल्या पूर्वेकडच्या मुलखाला तेच नाव देऊन मोकळा झालेला. काकूंना या गोष्टीचं वेड लागलं. जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून त्या समोरच्याला शिकवायच्या. ही डाळीची वाटी ग्वातेमाला. हिचा ओरिएंते कोरडा, काटेरी, गुराख्यांचा. हा साल्वादोर, याचा ओरिएंते मोठ्या नदीच्या पलीकडे सुरू होतो. हे लोणचं म्हणजे इक्वादोर. यांचा ओरिएंते डोंगर उतरून खालचं जंगल. चमचा क्यूबा, तिथे या नावाचा अख्खा प्रांतच होता, मग सरकारने त्याचे तुकडे पाडले आणि नाव पुसलं. "माणसं मात्र अजून तेच सांगतात. नाव पुसून माणसं पुसली जातात का?" आणि मग, पाहुण्याची भूक मरायच्या बेताला, "एकाच शब्दात इतकी गावं हायेत. म्हणून नुसतं ओरिएंते म्हटलं तर काय विचारायचं?"

पाहुण्याने "कुठला?" म्हटलं की डाळीची वाटी त्याला खायला मिळे.

एल्विराच्या ओरिएंतेवाल्यांना राजधानीतले लोक उद्धट आणि तापट म्हणतात. तिने ते अभिमानाने सांगितलं होतं. दोघींचं जमलं ते बहुधा यामुळे.

शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये काकूंचं नाव दुभाषी स्वयंसेवकांत होतं, हिंदी आणि मराठीसाठी. मुलाकडे भारतातून आलेले आईवडील आजारी पडले की फोन येई. स्पॅनिशसाठी त्यांचं नाव नव्हतं. त्याला परीक्षा आणि प्रमाणपत्र लागे, आणि काकूंचं स्पॅनिश शाळेच्या सिंकपाशी शिकलेलं होतं. परीक्षेला त्या एकदा बसल्या आणि नापास झाल्या. व्याकरण एल्विराचं निघालं.

२००५च्या उन्हाळ्यात त्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे होतो. एक अनोळखी माणूस आणला आहे, आशियाई आहे, इंग्रजी येत नाही, हिंदी चालते का बघाल? काकूंनी साडीवर बूट घातले, मला चल म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. बाहेर ॲरिझोनाचं ऊन होतं. सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देत होतं.

नंतर जे जोडून कळलं ते असं. हा माणूस शहराच्या दक्षिणेला, वाळवंटातून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. उष्माघात. खिशात काही नव्हतं. इमर्जन्सीत आणल्यावर तो अर्धवट शुद्धीत एकच गोष्ट सांगत होता, सोय दे ओरिएंते. ज्या नर्सने ऐकलं तिला स्पॅनिश येत नव्हतं. ती नोंदणीच्या टेबलावर म्हणाली, हा म्हणतोय की तो ओरिएंटल आहे. टेबलावरची मुलगी सुशिक्षित होती. माणसाला ओरिएंटल म्हणणं आता अपमानाचं समजतात हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तिने तो शब्द सभ्य केला आणि टाइप केलं: एशियन.

एकही माणूस दुष्टपणे वागला नव्हता. बातमीच्या दृष्टीने ही अडचण होती. काकूंच्या दृष्टीने तेच रागाचं मूळ होतं.

मी खोलीबाहेर खुर्चीवर बसलो. दार उघडं होतं. पलंगावर विशी-पंचविशीचा, रापलेला, रुंद चेहऱ्याचा माणूस होता, ओठ फुटलेले, अंगावर बर्फाच्या पिशव्या. काकूंनी सांगितल्याप्रमाणे हिंदीत विचारलं, "भैया, नाम क्या है?" त्याने डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते. काकू वाकल्या. मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी प्रमाणपत्र नसलेल्या भाषेत विचारलं, "क्वाल ओरिएंते, मिहो?" कुठला ओरिएंते, बाळा?

त्याने डोळे उघडले. हे मी पाहिलं. त्याने मान काकूंकडे वळवली आणि बोलायला लागला, हळू, तुटक. काकूंना त्यातलं सगळं कळलं नाही. माझी मुलगी, असं काही तो म्हणाला.

दुभाषी विभागाची को-ऑर्डिनेटर आत होती. तरुण, नीटनेटकी, आवाज मऊ. "मॅम, तुम्ही आत्ता कुठल्या भाषेत बोललात?"

"स्पॅनिश. हा स्पॅनिश बोलतोय. हा आशियातला नाही."

"तुम्ही स्पॅनिशसाठी सर्टिफाइड आहात?"

"नाही. पण तो उत्तर देतोय. ऐका ना, तो आत्ता सांगतोय..."

"मॅम, मला समजतंय. पण लायबिलिटी आहे. मी फोनवर सर्टिफाइड इंटरप्रिटर जोडून देते. प्लीज, तुम्ही बाहेर थांबा."

"त्याले विचारू द्या एक शब्द! एकच गावाचं नाव!"

"प्लीज, मॅम."

काकू बाहेर आल्या. आत फोन स्पीकरवर लावला होता. प्रतीक्षेतलं संगीत ऐकू येत होतं, व्हायोलिनचं, गोड. ते बराच वेळ वाजलं. दुभाषा लाइनवर आला तोवर रुग्णाचा श्वास बिघडला होता आणि डॉक्टरांनी घशात नळी घालायचं ठरवलं होतं. नळी घातल्यावर माणसाला बोलता येत नाही. दुभाष्याने विचारलं, हॅलो, कोणाशी बोलायचं आहे? त्याला थँक यू सांगून फोन ठेवला गेला.

काकू कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. मी काहीतरी म्हणालो असेन. त्या म्हणाल्या, "त्याच्या तोंडात होतं रे. गावाचं नाव त्याच्या तोंडात होतं."

दुसऱ्या दिवसापासून काकू कामाला लागल्या. मागणी एका शब्दाची होती: नोंदीत आशियाई लिहिलंय ते बदला, लॅटिन अमेरिकन करा. कारण साधं होतं. त्याचे नातेवाईक शोधत असतील तर ते आशियाई माणूस शोधणार नाहीत. नोंदणी विभागाने सांगितलं, जिने नोंद केली तिनेच ती बदलायची असते. ती सुट्टीवर होती. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, रुग्णाने स्वतः सांगितलेली ओळख हॉस्पिटल बदलू शकत नाही. "तो ओरिएंते म्हणाला," काकू म्हणाल्या. "हो," वरिष्ठ म्हणाले, "आणि आम्ही त्याचा आदर करतो."

त्या पेशंट रिलेशन्सच्या ऑफिसातही गेल्या. तिथल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं, टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि सांगितलं, तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं आहे.

"कुठे पोचलं?" काकूंनी विचारलं. "कोणाच्या टेबलावर?"

तिथेही त्यांना उत्तर मिळालं नाही. त्या घरी येऊन काकांसमोर उभ्या राहिल्या आणि जे जे झालं ते एका दमात सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हा देश म्हणजे त्या लोकांची उत्तर. एल नोर्ते म्हणतात ना याला? सगळे उत्तरेकडेच निघतात. उत्तरेत राहून तू उत्तर मागतेस?"

"मग काय दक्षिणा मागू?" काकू कडाडल्या.

काका हसले. काकू हसल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्या.

एल्विराला त्यांनी भेटीच्या वेळेत हॉस्पिटलमध्ये नेलं. एल्विरा त्या माणसाच्या उशाशी उभी राहिली, त्याचे केस सारखे केले आणि काकूंना म्हणाली, तू जे ऐकलंस ते जसंच्या तसं म्हण. अर्थ सांगू नको, आवाज सांग. काकूंनी डोळे मिटून आठवून म्हटलं. 'नोसोत्रोस' म्हणजे आम्ही, तो ते 'नोहोत्रोस' म्हणाला होता. आणि मुलीला 'सिपोता'.

एल्विराने लगेच मान हलवली. "हा आमचा नाही. सिपोता सरहद्दीवरचे आमचे काही लोक म्हणतात, पण सचा ह करून बोलणं? साल्वादोरचा ओरिएंते. नदीपलीकडचा. राजधानीतले नकला करतात यांच्या, या ह वरून."

काकूंनी मला हे गाडीत सांगितलं. होकायंत्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "बघ. ज्या उच्चाराला लोक हसतात तोच माणसाचा पत्ता असतो. ते सगळे पुसून काढा म्हणजे झालं, मग कोणालाच घरी पोचवायला नको."

नोंद बदलायच्या आत तो माणूस वारला. कागदावर तो आशियाई, पुरुष, अनोळखी राहिला.

काकू आणि एल्विराने साल्वादोरच्या वकिलातीत फोन केला, सांगितलं, पूर्वेकडचा आहे, तरुण आहे, त्याला मुलगी आहे. वकिलातीतल्या बाईंनी थोडं थांबायला सांगितलं आणि मग परत फोनवर येऊन एक नाव वाचलं. विल्मेर. त्याची बहीण मार्ता कॅलिफोर्नियात होती आणि तिने भाऊ हरवल्याचं कळवलं होतं. बोटांच्या ठशांवरून ओळख पटली.

मार्ता बसने आली. काकूंनी तिला घरी आणलं. ती भावासारखीच रुंद चेहऱ्याची होती. काकूंनी तिच्यापुढे भात वाढला, आणि एल्विरामार्फत, टेबलावर कोणतीही वाटी न मांडता, तिला विचारलं, कुठला ओरिएंते? मार्ताने गावाचं नाव सांगितलं. सान मिगेलच्या पुढे, ज्वालामुखीच्या पायथ्याला. मार्ताकडे कागदपत्रं नव्हती, म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही. काकूंना हे न लिहिणं आवडलं नसतं.

मग मार्ताने सांगितलं की त्या आठवड्यात तिने फिनिक्सच्या आणि आसपासच्या सगळ्या हॉस्पिटलांना फोन केले होते. यालाही. तिने विचारलं होतं, अनोळखी, तरुण, हिस्पॅनिक पुरुष? पलीकडून कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये बघितलं होतं आणि सौजन्याने सांगितलं होतं, नाही, तसा कोणी नाही.

"कधी केला होतास फोन?" काकूंनी विचारलं.

मार्ताने दिवस सांगितला. त्या दिवशी तो जिवंत होता.

एल्विराने भाषांतर करताना मान खाली घातली. काकूंनी घातली नाही. मार्ताने विचारलं, त्याच्याशी शेवटी कोणी बोललं का? काकू म्हणाल्या, "मी बोलले. मी त्याला विचारलं तू कुठला. तो सांगायला लागला होता." मार्ताने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आभार मानत होती. काकूंच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो राग होता तो मी आधी किंवा नंतर कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. आभार मानणाऱ्या माणसासमोर तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं.

आमच्या लोकांत या गोष्टीची चर्चा झाली ती वेगळी. मंदार नावाच्या एका सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी शनिवारी जेवण होतं. पुण्याचा, स्वभावाने चांगला, कोणाच्याही मदतीला धावणारा मुलगा. त्याने काकूंची विचारपूस केली आणि मग म्हणाला, "पण काकू, फ्रँकली सांगू का? ते लोक लाइन तोडून येतात यार. आम्ही ग्रीन कार्डच्या लाइनीत किती वर्षं उभे आहोत."

"उभा हायेस?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे काय?"

"तू सोफ्यावर बसून राहिला. हातात कोक हाय. तुझी लाइन चालू असताना तू दोन गाड्या घेतल्या. त्याच्या लायनीत पानी नव्हतं. पानी! न, न, पानी! हस आता."

एकही माणूस हसला नाही. मंदारची बायको पोळ्या आणायला आत गेली. तिची लहान मुलगी म्हणाली, "व्हाय इज आजी मॅड?" आणि तिला गप्प बसवलं गेलं. नंतर मंदार मला बाहेर म्हणाला, "काकूंना कोणाला तरी दाखवायला पाहिजे रे. एवढा राग हेल्थला चांगला नाही." मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी हा सगळा प्रकार लिहून दिला. विषय दिवाळीच्या मानाने जड आहे, असं सांगून तो परत आला. त्या अंकात माझा ग्रँड कॅनियनवरचा लेख छापून आला.

हॉस्पिटलने पुढे नोंदणीची पद्धत सुधारली. आशियाई, हिस्पॅनिक या पर्यायांच्या खाली, शंका असल्यास निवडण्यासाठी, एक नवा पर्याय आला: अदर. को-ऑर्डिनेटरने काकूंना मुद्दाम फोन करून हे कळवलं. तुमच्यामुळे झालं, म्हणाली. काकूंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "कुठला अदर?"

त्यानंतर त्या इमर्जन्सीत जाऊन बसायला लागल्या. शाळेतलं काम संपलं की गाडी दक्षिणेला. कोणी बोलावलेलं नसे. नोंदणीच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसायच्या आणि ऐकायच्या. टेबलावरच्या मुलीने कोणाचं मूळ विचारलं आणि उत्तर घाईत टाइप झालं की काकू उठून काउंटरवर बोट ठेवायच्या. "कुठला? विचारा त्याला, कुठला." सिक्युरिटीने त्यांना अनेकदा बाहेर काढलं. त्यांचं नाव स्वयंसेवकांतून कमी केलं. त्या रुग्णाला भेटायला आलोय असं सांगून परत यायच्या. कोणता रुग्ण, विचारलं की म्हणायच्या, "जो येईल तो."

एकदा मी त्यांना म्हणालो, "काकू, यातून काय होणार?"

"तुझ्या पेपरातून काय होत होतं?" त्या म्हणाल्या.

२००८ मध्ये बायकोच्या कंपनीने माणसं कमी केली. आमचं परतीचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला लांजेवारांकडे गेलो. काका एकटेच होते, टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं.

"काकू?"

"दक्षिणेला," काका म्हणाले.

मी हॉस्पिटलकडे गेलो. आत गेलो नाही. इमर्जन्सीची दारं काचेची होती, कोणी जवळ आलं की आपोआप उघडायची आणि परत मिटायची. उघडली की आतलं ऐकू यायचं, मिटली की नुसतं दिसायचं. काकू काउंटरपाशी उभ्या होत्या, सुती साडी, पायात बूट, पाठ माझ्याकडे. त्यांच्या शेजारी एक माणूस होता, टोपी हातात घेतलेला, हाताला फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर रक्त. तो काहीतरी म्हणाला. टेबलावरच्या मुलीने कीबोर्डवर बोटं ठेवली. काकूंनी काउंटरवर बोट ठेवलं.

दार उघडलं. मुलीने काकूंकडे पाहिलं, थकून, वैतागून. मग कीबोर्डवरची बोटं उचलून ती त्या माणसाला तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "क्वाल?"

तो माणूस सांगायला लागला आणि दार मिटलं. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. मुलगी टाइप करत होती. काकूंनी बोट अजून काढलं नव्हतं. मी हाक मारली नाही.